आमच्या घराचे माहिती व्यवस्थापन

माहिती व्यवस्थापन या विषयात पदव्युत्तर पदवी घेण्याचा निर्णय मी रागाच्या भरात घेतला, असे आमच्या घरात मानले जाते. ते साफ चूक आहे. मी रागावले होते हे खरे, निर्णय घेतला हेही खरे. परंतु या दोहोंच्या मधल्या काळात मी संपूर्ण जेवण शांतपणे संपवले आणि ताटही उचलून ठेवले, हे कोणी लक्षात घेत नाही.

झाले होते ते इतकेच. माझी सून एका विमा कंपनीच्या माहिती विभागाची प्रमुख आहे. जेवताना ती आणि माझा मुलगा तिच्या कार्यालयातल्या कसल्याशा गोंधळाबद्दल बोलत होते. काय झाले, असे मी विचारले. सून म्हणाली, "काही नाही आई, ऑफिसचं आहे. कंटाळाल तुम्ही." आणि तिने मला भाजी वाढली. एखाद्याचा अपमान करायचा असेल तर तो सरळ करावा, भाजी वाढून करू नये, असे माझे मत आहे. जिने एक संपूर्ण शाळा निवृत्तीच्या दिवसापर्यंत मुठीत ठेवली, तिला विमा कंपनीतला गोंधळ समजणार नाही, हे मी मानणे शक्यच नव्हते. माझ्या सुनेकडे जी पदवी आहे तीच मी घेईन, असे मी ताट उचलताना जाहीर केले. यांनी, म्हणजे माझ्या यजमानांनी, वर्तमानपत्र थोडे अधिक उंच धरले.

विद्यापीठातल्या प्रवेशाच्या खिडकीपाशी पहिलाच खोळंबा झाला. कारकुनाने माझे पदवी प्रमाणपत्र आणि माझे ओळखपत्र शेजारी शेजारी ठेवून बराच वेळ पाहिले आणि सांगितले की पदवी मिळवलेल्या बाई वेगळ्या आहेत. माझी पदवी लग्नापूर्वीच्या नावावर आहे. त्या बाई म्हणजे मीच, असे मी त्याला समजावले.

"असेल हो," तो म्हणाला, "पण तसं त्यांनी लिहून द्यायला पाहिजे."

"कुणी?"

"या बाईंनी," तो प्रमाणपत्रावर बोट ठेवून म्हणाला.

तेव्हा मी बाकावर बसून, लग्नापूर्वीची मी, हिला आपली पदवी लग्नानंतरच्या मला वापरू देण्यास काहीही हरकत नाही, असे लिहून दिले आणि खाली दोघींच्याही सह्या केल्या. कारकुनाने त्या सह्या ताडून पाहिल्या आणि त्या एकमेकींसारख्या दिसतात याबद्दल संशय व्यक्त केला.

दुसरा खोळंबा पूर्वअटीचा. मूळ अभ्यासक्रमाला हात लावण्याआधी संगणकाचा एक पायाभूत विषय उत्तीर्ण व्हावा लागतो. एखाद्या संस्थेत माहिती हाताळण्याचा दीर्घ अनुभव असल्यास त्यातून सूट मिळते. मी शाळेचा अनुभव सांगितला. अनुभवाचे प्रमाणपत्र त्या काळातल्या संस्थाप्रमुखाने दिले पाहिजे, असे मला सांगण्यात आले. त्या काळात संस्थाप्रमुख मी होते. स्वतःचे प्रमाणपत्र स्वतः देता येत नाही, हा नियम मला वाचून दाखवण्यात आला. मी आणखी थोडी कमी कर्तबगार असते, कुणाच्या तरी हाताखाली असते, तर मला सूट मिळाली असती. अखेर मी तो विषय शिकले. माझ्या बाकावर मला उंदीर कसा धरावा हे शिकवणारी मुलगी माझ्या नातीएवढी होती आणि माझ्या मनगटाला धरून शिकवत होती. त्या मनगटाला एके काळी शाळाभर घाबरत असत.

दरम्यान ही वार्ता आमच्या इमारतीत पसरली, आणि मग सल्ल्यांना सुरुवात झाली. तळमजल्यावरचे निवृत्त अभियंते एका संध्याकाळी टेप घेऊन आले आणि त्यांनी माझ्या अभ्यासाच्या खुर्चीची उंची मोजली. त्यांच्या मते माणसे परीक्षेत नापास होतात ती खुर्चीमुळे. त्यांनी पुढच्या दोन पायांखाली लाकडी ठोकळे बसवले. त्या दिवसापासून मी अभ्यासाला बसले की मागे कलंडून छताकडे पाहत असे, आणि यांना वाटे मी चिंतन करते आहे. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी विषयनिवडीत लक्ष घातले. त्यांच्या भाच्याने कधी काळी असेच काहीतरी शिकले होते, आणि आता तो छपाईची यंत्रे दुरुस्त करतो. ज्या विषयाच्या नावात 'प्रणाली' हा शब्द आहे तो घ्यायचा नाही, एवढे मला त्यांनी जिन्यात हात धरून बजावले. मी विषयांची यादी पाहिली. ज्यात तो शब्द नव्हता असा एकच ऐच्छिक विषय होता, आणि तो शिकवणारे गृहस्थ रजेवर होते.

अनिवार्य विषयांमध्ये वर्गीकरण हा पहिला. हा विषय मला जन्मजात येतो अशी माझी समजूत होती, म्हणून गृहपाठासाठी मी स्वयंपाकघर निवडले आणि सगळे डबे शास्त्रोक्त पद्धतीने लावले. साखर आणि मीठ हे दोन्ही 'पांढरे, दाणेदार, विद्राव्य' या एकाच वर्गात येतात हे कुणालाही पटेल. पुढे काही दिवस हे मिठाचा चहा प्याले. ही गोष्ट मला त्यांनी सांगितली नाही. नातीने त्यांच्या कपातला एक घोट चुकून घेतला तेव्हा कळली. मी विचारले, बोलला का नाही? ते म्हणाले, "तुझं काहीतरी चाललं होतं." त्या वेळी मला हे त्यांचे कौतुकाचे उद्गार वाटले. गृहपाठाला बरे गुण मिळाले.

गटाने करायच्या कामाबद्दल मी फारसे लिहीत नाही, कारण लिहावे असे त्यात माझ्या वाट्याला काही आलेच नाही. माझ्या गटातली मुले सभ्य होती. त्यांनी फोनवर एक गट काढला आणि मला त्यात घेतले. मी तिथे रोज सकाळी कामाची विभागणी पाठवत असे, आणि मुले अंगठा दाखवत असत. काम मात्र भराभर पूर्ण होत होते, आणि माझ्या विभागणीशी त्याचा काहीही संबंध नव्हता. पुढे कळले की त्यांचा आणखी एक गट होता, आणि त्यात मी सोडून सगळे होते. गटातला एक मुलगा कानांवरचे यंत्र कधी काढत नसे, म्हणून मी त्याला हेडफोन म्हणत असे. त्याला मी जाब विचारला. "आजी, तुम्हाला त्रास नको म्हणून," तो म्हणाला, आणि हे म्हणण्यासाठी त्याने एक कान मोकळा केला. मी आजच्या पिढीच्या चारित्र्याबद्दल घरी दीर्घ भाषण केले. घरातल्या सर्वांनी ते मान खाली घालून ऐकले. तेव्हा मला त्यांच्या माना इतक्या खाली का गेल्या, हा प्रश्न पडायला हवा होता.

अखेरीस प्रकल्प आला. कोणतीही एक संस्था निवडायची, तिच्यात माहिती कुठून निघते, कुठे जाते, कुठे अडते याचा अभ्यास करायचा, बाणांनी आकृती काढायची, सुधारणा सुचवायची आणि ती अमलात आणून दाखवायची. याशिवाय पदवी नाही. माझ्या मार्गदर्शक बाई वयाने लहान आणि बोलायला फार मृदू होत्या. आणि मृदू बोलणाऱ्या माणसांना नियम मोडायला लावणे किती अवघड असते हे मला त्यांच्यामुळे समजले. मी संस्था म्हणून आमचे घर निवडले. घर ही संस्थाच आहे; निदान मी तरी ते तसेच चालवले आहे. बाईंना कल्पना आवडली. संस्थाप्रमुखाची लेखी संमती तेवढी आणा, असे त्या म्हणाल्या. मी तिथेच सही केली.

"संशोधक आणि संस्थाप्रमुख एकच नसावेत," त्या मृदूपणे म्हणाल्या. "दुसरं कुणीतरी लागेल."

म्हणजे पदवीसाठी मला माझ्याच घराचे प्रमुखपद सोडावे लागणार होते. मी जेवणाच्या टेबलाशी हा विषय काढला. मुलाने सुनेकडे पाहिले, सुनेने पाण्याच्या तांब्याकडे पाहिले, आणि नात म्हणाली, मी होते प्रमुख. शेवटी यांनी सही केली, तीही सहीखाली 'तात्पुरता' असे लिहून. सही करण्याआधी त्यांनी दोनदा माझ्याकडे पाहिले. मी त्यांना धीर दिला की हे केवळ कागदावर आहे.

प्रश्नावली मीच तयार केली. गेल्या वर्षात तुमच्या आयुष्यात महत्त्वाचे काय घडले, ते तुम्ही सर्वांत आधी कुणाला सांगितलेत, नंतर कुणाला, आणि सर्वांत शेवटी कुणाला. वेळ वाचावा म्हणून सर्वांच्या वतीने उत्तरेही मीच लिहिली. माझ्या माणसांबद्दल मला विचारण्यासारखे काय होते? बाईंनी ते कागद चाळले.

"सगळे जण सगळं तुम्हालाच आधी सांगतात, असं दिसतंय."

"सांगतातच."

"मग त्यांनाच लिहू दे ना. नाव न घालता, एखाद्या खोक्यात टाकतील."

मी बुटांच्या खोक्याला फट पाडली आणि ते जिन्याखालच्या कपाटावर ठेवले. चौघांनी कागद टाकले. खोके उघडताना माझ्या मनात एवढीच शंका होती की, सर्वांची उत्तरे एकसारखी आल्यास बाई पुन्हा माझ्यावर संशय घेतील.

ती शंका निराधार ठरली. उत्तरे एकसारखीच होती, पण 'सर्वांत शेवटी कुणाला' या रकान्यात. कुणी 'आई' लिहिले होते, कुणी 'आजी'. एका कागदावर 'हिला' असे लिहून पुढे लहान अक्षरांत 'अजून नाही' असे लिहिले होते. नातीने आपली शाखा बदलून बरेच दिवस झाले होते, आणि मी ओळखीपाळखीत अजून तिची जुनी शाखा सांगत होते. मुलाने बढती नाकारली होती. आणि एका कागदावर, ज्या अक्षराला मी आयुष्यभर ओळखते त्या अक्षरात, उजव्या डोळ्याचे ऑपरेशन, असे लिहिले होते.

मी थेट यांच्यासमोर जाऊन उभी राहिले. ते काळा चष्मा लावून खिडकीत बसले होते. तो चष्मा त्यांनी काही महिन्यांपूर्वी अचानक वापरायला सुरुवात केली होती. या वयात हे काय नवे, असे मी त्यांना चार माणसांदेखत म्हटलेही होते.

"ऑपरेशन कधी झालं?"

"लेकीकडे गेलो होतो ना आठवडाभर, तेव्हा."

"मला का नाही सांगितलंत?"

त्यांनी थोडा विचार केला. खोटे बोलावे की नाही, याचा तो विचार होता. एवढा संसार केल्यावर तो चेहऱ्यावर वाचता येतो.

"तू डॉक्टर बदलला असतास," ते म्हणाले.

बदलला असता. त्यांच्या गुडघ्याच्या वेळी मी तीन डॉक्टर बदलले होते आणि शेवटी आम्ही पहिल्याकडेच परत गेलो होतो. हे मला त्या क्षणी आठवले, आणि दुर्दैवाने त्यांनाही आठवत असल्याचे दिसले.

आकृती काढणे मला टाळता येत नव्हते. माझ्या वर्तुळातून बाहेर जाणारे बाण इतके झाले की कागद काळा पडला. सूचना, आठवणी, इशारे, दुरुस्त्या, औषधांच्या वेळा. आत येणारा बाण एकच होता आणि तो इमारतीच्या पहारेकऱ्याकडून येत होता. पाणी केव्हा बंद राहणार आहे, ते तो मला सर्वांत आधी सांगतो. बाईंनी ती आकृती उजेडाकडे धरली आणि त्यांचा चेहरा खुलला. इतका स्पष्ट निष्कर्ष त्यांच्या हाती क्वचितच लागतो, असे त्या म्हणाल्या. माहिती जिथे अडते ती जागा इतकी ठळकपणे सापडणे दुर्मीळ असते. त्या जागेला पुस्तकात एक नाव आहे. मी ते इथे लिहीत नाही. ते बाटलीच्या एका भागावरून आलेले आहे आणि माझ्यासारख्या बाईला शोभत नाही.

आता सुधारणा. बाईंनी सुचवली ती अशी: माझ्याकडे काही माहिती आली असता मी तिच्यावर कोणतीही कारवाई करायची नाही. सल्ला नाही, सूचना नाही, फोन नाही. केवळ ऐकायचे. आणि काही काळाने पुरावा द्यायचा की महत्त्वाची एक तरी गोष्ट घरात सर्वांआधी मला सांगितली गेली. कोणती, कुणी, केव्हा. तेवढे झाले की माझी पदवी माझ्या हातात.

मी हे जेवताना घोषित केले आणि वाट पाहू लागले. ते दिवस मला आठवायला आवडत नाहीत. घरातल्यांनी सहकार्य केले, आणि ते सहकार्यच फार भयंकर होते. मुलगा सकाळी येऊन सांगे, "आई, सगळ्यांत आधी तुलाच सांगतोय, आज निळा शर्ट घालणार आहे." नात महाविद्यालयातून फोन करून शिंक आल्याचे कळवी. हे एकदा समोर येऊन बराच वेळ उभे राहिले. मला वाटले आता काहीतरी येते आहे. त्यांनी सांगितले की पहारेकऱ्याचा निरोप आहे, पाणी बंद राहणार. म्हणजे आता तोही बाण माझ्याकडे थेट येईनासा झाला होता. बाईंकडे मी शर्ट आणि शिंक नेऊन दाखवली. त्या मृदूपणे म्हणाल्या की हे महत्त्वाचे या सदरात बसत नाही. वरच्या मजल्यावरच्या बाईंनी जिन्यात मला विचारले, मिळाली का एखादी? हा प्रश्न त्या ज्या सुरात विचारत त्या सुरात लोक आजाऱ्याची चौकशी करतात. अभियंते म्हणाले, खुर्ची बदलून बघा.

मुदत संपत आली होती. मी आशा सोडली होती आणि मटार सोलत होते. भर दुपारी सून कार्यालयातून परत आली. ती कधी अशी येत नाही. एरवी मी विचारले असते, बरे नाही का, जेवलीस का, कुणाला कळवलेस का. मी काही विचारले नाही; सद्गुणामुळे नव्हे, तर थकल्यामुळे. तिने पर्स ठेवली, माझ्यासमोर खुर्ची ओढली आणि टरफले एका बाजूला सारली.

"आई, एक सांगायचंय. कुणालाच सांगितलं नाहीये अजून."

माझा हात थांबला.

"त्यालासुद्धा नाही. मी त्याला सांगेन, पण मला थोडा वेळ पाहिजे. तोवर तुमच्याच जवळ राहू दे." मग तिने माझ्याकडे पाहिले. "आणि त्या प्रकल्पात घालायचं नाही. तुम्ही घालणार असाल तर आत्ताच सांगा, मी बोलतच नाही."

मला माझी पदवी मटाराच्या टोपलीच्या पलीकडे, हात पुढे केला तर लागेल एवढ्या अंतरावर दिसत होती. मी म्हटले, "नाही घालणार."

मग तिने सांगितले. ते तिच्या स्वतःबद्दलचे होते, आणि लहान नव्हते. ती बोलत असताना माझ्या जिभेवर दोन डॉक्टर, एक वकील, माझी एक जुनी विद्यार्थिनी जी आता मोठ्या पदावर आहे, आणि 'मी तुला आधीच म्हटलं होतं' हे वाक्य, असे सगळे एका रांगेत येऊन उभे राहिले. मी तोंडात कच्चे मटार भरले. एकामागून एक. ती बोलायची थांबली तोवर टोपली निम्मी झाली होती.

"तुम्ही काहीच बोलत नाही," ती म्हणाली.

"तू विचारलंस तर बोलेन."

तिने विचारले नाही. तिने मूठभर शेंगा पुढे ओढल्या आणि त्या सोलू लागली, आणि आम्ही दोघींनी ती टोपली संपवली. त्या रात्री जेवणात मटार इतके कमी का, असे मुलाने विचारले. आम्ही दोघींनी एकदमच त्याला पोळी वाढली.

मार्गदर्शक बाईंना मी जाऊन सांगितले की पुरावा आहे, परंतु तो देता येणार नाही. त्या आनंदल्या आणि मग दुःखी झाल्या. नाव बदलून लिहा, म्हणाल्या. पाच माणसांच्या घरात नाव बदलून काय लपणार? थोडक्यात लिहा, म्हणाल्या. आशय नको, फक्त कोणी आणि केव्हा. ते लिहिले असते तरी ज्याला कळू नये त्याला निदान एवढे कळले असते की त्याच्या बायकोकडे एक गोष्ट आहे आणि ती त्याला माहीत नाही. मी नाही म्हटले. त्यांनी पुढ्यातले पुस्तक उघडून पाहिले, मिटले, आणि मग मृदूपणे सांगितले की पुराव्याशिवाय त्यांना माझ्या नावापुढे 'अपूर्ण' असेच लिहावे लागेल. मी म्हटले, लिहा. आयुष्यात प्रथमच कुणीतरी माझ्या नावापुढे तो शब्द लिहिला, आणि तो लिहिताना मी समोर बसून पाहिले.

खिडकीवरच्या त्याच कारकुनाने अपूर्ण राहण्याचे कारण विचारले. त्याच्याकडे आजारपण, बदली आणि विवाह अशी तीन कारणे उपलब्ध होती. या वयात मी विवाह निवडू शकत नव्हते. मी 'घरगुती' लिहिले. त्याने ते वाचून आपुलकीने मान हलवली. लग्नापूर्वीच्या बाईंनी हरकत घेतली असावी, असा काहीतरी त्याचा समज झाला असावा.

इमारतीत सर्वांना कळले की मला झेपले नाही. अभियंत्यांनी येऊन ठोकळे परत नेले. मला सांत्वने स्वीकारावी लागली. त्यातली काही इतकी मनापासून होती की ती देणाऱ्यांना मी आजन्म क्षमा करणार नाही. परंतु खरा छळ तो नव्हता. माहिती मिळणे हे सुख असते, असे मी त्या मटाराच्या दुपारपर्यंत समजत होते. काही माहीत असणे, काय केले पाहिजे हेही पुरते माहीत असणे, आणि हात बांधून भाजी निवडत बसणे, या विषयावर अभ्यासक्रमाच्या पुस्तकांत एकही प्रकरण नाही. सुनेने मला काय सांगितले, ते मी इथेही लिहिणार नाही. माझा मुलगा माझे लिखाण कधी वाचत नाही. त्याची ही खोड आज प्रथमच उपयोगी पडते आहे.

परवा तो माझ्या खोलीत आला आणि दारातच घुटमळला. पलीकडे स्वयंपाकघरात सून भांडी विसळत होती.

"आई, हिचं काय चाललंय? किती दिवस झाले, गप्प गप्प असते. तुला काही बोलली का?"

आतला नळ बंद झाला.

मी चष्मा पुसला आणि म्हटले, "मला या घरात कोण काय सांगतं?"

"हो, तेही खरंच म्हणा," मुलगा म्हणाला, आणि मान हलवत निघून गेला.

थोड्या वेळाने आतला नळ पुन्हा सुरू झाला.